राजारामकाकांचा खिळ्यांचा डबा

फुस्स्!

"गेली हवा! सलग तिसऱ्या रविवारी तिसरं पंक्चर!" देवेश ओरडला.

मुलुंड पूर्वेच्या सायकल क्लबची सगळी फौज चौकात थांबली. ऐरोलीचा पूल अजून पुढे होता, आणि ऑक्टोबरचं ऊन सकाळी सातलाच मानेला चावत होतं. यावेळी पाळी खुद्द क्लबप्रमुख अनिरुद्ध सरांची होती. जागा मात्र तीच, राजारामकाकांच्या पंक्चरच्या टपरीसमोरची!

सरांनी टायरमधला बारीक खिळा उपटून उंच धरला. "हा योगायोग नाही. खिळे कोण टाकत असेल? ज्याला गिऱ्हाईक हवं तोच ना? पुढच्या रविवारी सगळ्यांच्या सह्या घेऊ आणि ही टपरी उठवायचा अर्ज देऊ."

ट्यूब घासणारे काकांचे हात क्षणभर थांबले.

श्रुतिका हळूच देवेशच्या मागे सरकली. कारण ही काडी तिनेच लावली होती! गेल्या रविवारी घरी पोचताच बाईसाहेबांनी ग्रुपवर मेसेज ठोकला होता, "सगळी पंक्चरं काकांच्याच दारात कशी काय???" आधी बोटं चालवायची आणि मग डोकं, ही तिची जुनी खोड. आणि ट्यूबला ठिगळ लावायला तिला शिकवलं कोणी? याच काकांनी!

दिवाळी दोन आठवड्यांवर आली होती, पण तिचं चित्त कशातच लागेना. चकली अर्धी खाऊन ठेवली. किल्ल्याची माती तशीच पडून राहिली. शेवटी मंगळवारी तिने देवेश आणि रुचिराला गाठलं.

"चला, टपरीवर जायचंय."

"कशाला? बोलणी खायला?" देवेश म्हणाला.

"हो! खायलाच हवीत मला."

टपरीवर पोचल्यावर श्रुतिकाने एका दमात सगळं सांगून टाकलं. "काका, तो मेसेज मी केला होता. चुकले मी."

काका कणकवलीचे. बोलणं अजून अस्सल मालवणी. हातातली ट्यूब त्यांनी खाली ठेवली. मग फळीवरचा बिस्किटांचा जुना डबा तिच्यापुढे सरकवला. "अगो चेडवा, मीच खिळे टाकतंय, तर ते परत डब्यात कित्याक भरतंय?"

डबा खिळ्यांनी अर्धा भरला होता! टायरमधून काढलेला खिळा परत कुणाला टोचू नये, म्हणून काका एकूण एक खिळा डब्यात टाकत.

रुचिराने मूठभर खिळे कागदावर पसरले. "अगं, सगळे सारखेच आहेत! आणि डोक्याखाली काय अडकलंय बघ! जांभळी चिंधी. याला भगवी!"

"हे तर फ्लेक्स आहे यार!" देवेशने मान वर केली.

टपरीच्या बाजूलाच लाकडी चौकट उभी होती, आणि तिच्यावर हात जोडून हसणारे साहेब. नवरात्राचा जांभळा फलक गेला, दसऱ्याचा भगवा आला, तोही गेला, आता कोजागरीचा निळा. शुभेच्छांना मुंबईत तोटा नाही!

"काका, हे फलक कधी बदलतात?" श्रुतिकाने विचारलं.

"दर शनवारी, सांजेक. मी तेव्हा घराक गेलेलो आसतंय."

"आणि आपण येतो रविवारी सकाळी!" श्रुतिका टुणकन उठली.

आता शनिवार काही येता येईना. बुधवार, गुरुवार, शुक्रवार तिने येरझाऱ्या घालून काढले. आई म्हणाली, "लादी झिजेल गं!" अखेर शनिवारी पाच वाजता तिघं चौकात हजर झाली. श्रुतिकाने मिनतवाऱ्या करून अनिरुद्ध सरांनाही बोलावलं होतं, आणि काकांनाही थांबवून घेतलं होतं.

शिडीवरचा कामगार हातोडीने फलक ओरबाडून काढू लागला. टक्, टक्, टक्! निळी चिंधी अडकलेले खिळे रस्त्यावर टपाटप पडत होते. खाली ठेकेदार सीतारामशेठ फोनवर बोलण्यात दंग!

"शेठ, खिळे पडतायत!" श्रुतिका म्हणाली.

"कुठे पडतायत? आमची माणसं वेचून घेतात. एक खिळा राहत नाही! चला, पळा इथून!"

"नक्की एकही नाही?"

"एकही नाही!"

"मग तुमची स्कूटर इथूनच वळवून दाखवा ना!"

आता शेठ मागे हटतात की काय! त्यांनी तोऱ्यात जुनी स्कूटर चालू केली आणि फलकाखालून झोकात वळवली.

फुस्स्!

शिडीवरचा कामगारसुद्धा खो खो हसला. शेठ लालबुंद झाले आणि निमूटपणे स्कूटर ढकलत टपरीवर आले. काकांनी खिळा उपटला, निळ्या चिंधीसकट सरांना दाखवला आणि डब्यात टाकला.

"उद्यापासून खाली ताडपत्री अंथरतो," शेठ पुटपुटले.

"उद्या कशाला? आत्ताच अंथरा! आणि आधी रस्ता झाडा," सर म्हणाले. मग ते काकांकडे वळले. "राजारामकाका, माफ करा. शहानिशा न करता तुमच्यावर आळ घेतला. श्रुतिका, शाब्बास! चूक कबूल करून ती निस्तरायलाही धाडस लागतं."

त्या संध्याकाळी श्रुतिकाने ग्रुपवर मेसेज लिहिला. या वेळी तीनदा वाचून पाठवला. "राजारामकाकांवर पहिला संशय मी घेतला होता. तो साफ खोटा ठरला. चूक माझी."

रविवारी सकाळी बावीस सायकली चौकातून सुसाट गेल्या. एकही फुस्स् नाही! काका रिकाम्या हातांनी टपरीच्या दारात उभे होते.

"आज माझो धंदो बसवलंस गो चेडवा!" ते ओरडले, आणि हसत हसत दोन्ही हात हलवू लागले.