बॅटरी काढलेली मोटार

ही ऐकीव गोष्ट नाही. मी स्वतः पाहिलेली आहे. तुम्हाला पटली नाही तरी चालेल. मलाही अजून पटलेली नाही.

१९७४चा जानेवारी. नागपूर, महाल.

मी नुकताच भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो होतो आणि कृष्णकांतकाकांकडे राहत होतो. प्रेमलताकाकूंना दमा. जोर वाढला की काकांच्या जुन्या काळ्या मोटारीतून धंतोलीचा दवाखाना गाठायचा.

पण मोटारीची बॅटरी पार थकली होती. चावी फिरवली की नुसतं... टक्.

अशा वेळी शेजारचे चंपतराव धावत यायचे. कळमेश्वरकडचा शेतकरी गडी. आधी तळहात मातीत घासायचे. मग एक टाळी.

"काहून भेता जी? मी हाय ना!"

आणि मोटार ढकलायचे.

आदल्या दिवाळीत चंपतराव वारले.

"काका, आता नवी बॅटरी घ्या."

"काहून? चालून तर राहिली गाडी."

"चालून नाही राहिली. आपण ढकलून राहिलो."

काका हसले. "एकदा चार्ज करून आण. मग पाहू."

दुपारी मी बॅटरी काढली आणि सायकलवरून सीताबर्डीच्या दुकानात नेली. दुकानदारानं मीटर लावून मान हलवली. "ही गेली, भाऊ."

मग मीच ठरवलं. नवी घेतली.

दिवेलागणीला परतलो. दार सताड उघडं. शेगडीवर दूध उतू गेलेलं. घरात कुणी नाही.

आणि अंगणात मोटार... नव्हती.

धक्का देऊन मोटार सुरू होते, हे खरं. पण बॅटरीत थोडा तरी जीव लागतो. बॅटरीच नसेल तर ठिणगी कुठून येणार? शिवाय आमच्या अंगणातून रस्त्यापर्यंत चढ.

मी तसाच धंतोलीला निघालो.

दवाखान्यासमोर मोटार उभी होती. बॉनेट उघडलं. बॅटरीची जागा रिकामी. दोन्ही वायरी लोंबकळत होत्या.

इंजिनला हात लावला...

गरम होतं.

आत काकूंना ऑक्सिजन लावला होता. श्वास चालू होता. डॉक्टर म्हणाले, "आणखी उशीर झाला असता, तर कठीण होतं."

"काका, गाडी सुरू कशी केली? बॅटरी तर मी काढून नेली होती."

काका माझ्याकडे पाहतच राहिले. घाईत ते त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"धक्का दिला ना... कोणीतरी."

"कोणी?"

"मागं कोण पाहते? हिचे ओठ निळे पडले होते."

काकूंनी मास्क जरा बाजूला केला.

"आधी टाळी वाजली होती रे..."

दुसऱ्या दिवशी काकूंना घरी न्यायचं होतं. नवी बॅटरी हातात घेऊन मी दवाखान्यासमोर मोटारीपाशी उभा राहिलो.

"बसवू?"

काका हळूच म्हणाले, "ही बसवली की धक्क्याचं काम नाही. मग तो येईल काहून?"

"आणि पुढच्या वेळी तो आलाच नाही तर?"

काकांनी बॉनेट उघडून दिलं.

मी बॅटरी बसवली. काकू मागे बसल्या. मी काकांशेजारी. चावी फिरवताच इंजिन सुरू झालं.

तेवढ्यात मोटारीमागे मातीत काहीतरी घासल्यासारखं झालं.

खर्र... खर्र...

मग टाळी.

समोर चढ होता. काकांचा हात अजून गिअरवर गेला नव्हता.

आणि मोटार... पुढे सरकली.

आमच्या तिघांपैकी कुणीच मागे वळून पाहिलं नाही.