कपडे बदलून या

हीटर वाढवा, दार ओढून घ्या आणि ते मोबाइल ठेवा बाजूला. आज त्या नव्या ड्रायव्हर पोरानं एका म्हातारीला वासावरून गाडीत हटकलं म्हणे. म्हणून सांगतोय, नाहीतर सांगणार नव्हतो. आणि ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली तो ग्यूशिक याच डेपोत वीस वर्षं माझ्या शेजारी डबा खायचा. दारूचा थेंब न घेता सांगितलंय त्यानं मला.

गेल्या नोव्हेंबरातली अष्टमी. समुद्राला ओढ कमी, त्यामुळे बुडी मारणाऱ्या आपल्या हेन्यो बायका सगळ्या पाण्यात. ग्यूशिक पूर्वेच्या किनाऱ्याची बस घेऊन निघाला होता. गाडी कोरी करकरीत, कापडी सीटांची. दारावर कागद: ओले कपडे आणि वास मारणारं सामान चालणार नाही.

आता तुम्हाला काय माहीत म्हणा! आमच्या वेळी याच रस्त्यावर बायका अंगावरच्या काळ्या रबरी कपड्यांत, ओली जाळी मांडीवर घेऊन बसायच्या. खाली पाण्याचे ओहोळ. वास येतो असं म्हणायची कुणाची टाप नव्हती, कारण त्या वासावरच घरं चालायची. मग राजधानीतून, सोलहून पाहुणे यायला लागले. समुद्राचे फोटो काढायचे आणि समुद्र शेजारी येऊन बसला की नाक मुरडायचं. वर लगेच तक्रार. ग्यूशिकच्या नावावर दोन झाल्या होत्या. तिसरी झाली असती तर गाडी हातातून गेलीच असती.

पावणेसहाला अंधार पडला होता. वारा असा की छत्री उलटावी. दोल्गे गावाच्या अलीकडच्या थांब्यावर एकटी म्हातारी उभी. काळे रबरी कपडे, काखेत तरंगायचा नारिंगी भोपळा, खांद्यावर जाळी, दात वाजतायत. मुनसुन मावशी. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. ग्यूशिकच्या आईबरोबर तीस वर्षं समुद्रात उतरलेली.

"अगं बाई, ग्यूशिक तू! देवच पावला. वाऱ्यानं भलतीकडेच नेऊन टाकलं बघ मला. आमचा टेम्पो गेला निघून."

तिनं पायरीवर पाय ठेवला. मागून एक पोरगी म्हणाली, "ई! काय हा वास!" तिच्या मित्रानं मोबाइल वर धरला.

ग्यूशिकनं बेटाची बोली सोडली आणि कागदावरच्या भाषेत बोलला. "आजी, नियम आहे. कपडे बदलून या."

आजी म्हणाला! ज्या बाईनं त्याला पाठीवर घेऊन हिंडवलं, तिला परकी आजी केलं.

मावशीनं दारावरच्या कागदाकडे बघितलं. मग हसली. "हो रे बाबा, गाडी नवी आहे. घाण होईल." मागच्यांकडे वळून वाकली, माफी मागितली आणि उतरली. त्यानं दार लावलं.

ग्यूशिक मला म्हणाला, "दादा, मी शाळेत असताना आई अशीच ओलीचिंब गाडीत चढली होती. मी खिडकीकडे तोंड फिरवलं होतं. तेव्हा निदान लहान होतो."

दुसऱ्या दिवशीही त्याची दुपारपाळी होती. मनात खुटखुटत होतं, पण कुणाला विचारलं नाही. विचारायची लाज वाटली. रात्री पावणेदहाची शेवटची फेरी. गाडी रिकामी. तोच थांबा आला.

मावशी उभी होती.

अंगावर पिवळसर तागाचे कपडे. नवे, कडक, मयताच्या घरी घालतात तसे. त्याला वाटलं, कुणाच्या तरी मयताहून आली असेल. दार उघडलं. ती पायरीवरच थांबली.

"आता चालेल ना रे?"

"या ना मावशी... बसा. काल माझं..."

"बसत नाही. सीट खराब होईल."

"होऊ दे की!"

ती दारापाशीच उभी राहिली. त्यानं गाडी काढली. आरशात बघायचं नाही असं त्यानं ठरवलं. मग बघितलं.

कपडे कोरडे होते. पण आवाज येत होता... टप्... टप्...

"मावशी, हीटर वाढवू?"

टप्... टप्...

"मावशी, चुकलं माझं."

मागून शिटी आली. खालून वर आल्यावर हेन्यो सोडतात तो श्वास. लांब. थकलेला. लहानपणापासून कानात बसलेला.

तो पुढच्या श्वासाची वाट बघत राहिला.

आला नाही.

दोल्गेचा, तिच्या गावचा थांबा. दार उघडलं. मागे कुणीच नव्हतं. गाडीभर दिवसभराच्या बुटांची वाळू पसरलेली, पण ती उभी होती तेवढी जागा लख्ख पुसलेली. आणि तिथं, चिंब ओला, तागाचा एक हातमोजा. बोटं नसलेला, पिशवीसारखा. मयताच्या हाताला बांधतात तसला.

सकाळी तो मुनसुन मावशीच्या दारात गेला तर दिवा लागलेला, माणसं जमलेली. मुलगी ह्वाजोंग पुढे आली. आई परवा संध्याकाळी थांब्यावरच बसल्या बसल्या गारठून गेली म्हणाली. ग्यूशिकनं हातमोजा पुढे केला.

तिनं तो उलटसुलट करून बघितला. "ही माझ्याच हातची शिवण. पण दोन्ही हातांना मीच बांधले. काल रात्री नऊला पेटी बंद केली, माझ्या डोळ्यांदेखत. तुझ्याकडे कसा आला?"

तेव्हा तो गुडघ्यांवर बसला आणि सगळ्या गावासमोर सगळं सांगितलं. थांबा, कागद, मोबाइल, आजी म्हणाला तेसुद्धा. ती मारेल, हाकलून देईल असं त्याला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं तो मला म्हणाला.

ह्वाजोंग एवढंच म्हणाली, "आईनं थांब्यावरून फोन केला होता. मी तासाभराच्या वाटेवर. विचारलं, गाडीत का नाही घेतलं? तर म्हणाली, ड्रायव्हर आपलाच पोरगा होता गं, त्याला बोल लावू नकोस. मीच तशी चढले."

मग तिनं तो मोजा पिळला. खारं पाणी निघालं. परत पिळला. परत निघालं.