रेतीपलीकडची माती

कालिंदीबाईंना गंगेपलीकडची चिकणमाती आणायची होती, आणि तीही आजच! पंचगंगा घाटावरचे त्यांचे यजमान विश्वेश्वरशास्त्री चाळीस वर्षं श्रावणात त्या मातीची पार्थिव शिवलिंगं करत आले होते. यंदा ते अंथरुणाला खिळले होते आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. तरी ते रोज एकच विचारत, माती आली का? श्रावणाला बारा दिवस होते. तेवढे दिवस ना पलीकडची रेती पाण्याबाहेर राहणार होती, ना ते जगणार होते.

ही माती घरच्या सुनेनंच अनवाणी जाऊन खणायची, असा घराण्याचा रिवाज. बाईंचा उजवा घोटा मात्र तीन वर्षांपूर्वी पायऱ्यांवर मोडून वेडावाकडा जुळला होता. पोटरीपासून तळव्यापर्यंतचा ब्रेस बांधला की कळ निम्मी व्हायची, इतकंच. शास्त्रीबुवांच्या लेखी ब्रेस म्हणजे वहाण. तो तीन वर्षं दाराबाहेर चपलांशेजारी राहिला आणि बाई देवघरात भिंत धरून लंगडत राहिल्या. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशातली ती जोडी.

दुलारे मल्लाहानं नाव रेतीला लावली आणि चढत्या पाण्याकडे बोट दाखवलं.

"माताजी, आधा घंटा. उसके बाद रेती गंगाजी की."

बाईंनी ब्रेस सोडून मुलीच्या, ईशानीच्या पिशवीत टाकला. ईशानी बँकेत अधिकारी होती, पण आईपुढे तिचं काही चालत नसे. ती कळवळून म्हणाली, "आई, असू दे ना पायात. जिद मत करो."

बाई उतरून चालू लागल्या होत्या. ईशानी पिशवी घेऊन मागोमाग निघाली.

दुरून सपाट दिसणारी ती रेती पायाखाली काही सपाट नव्हती. दर पावलाला घोटा आत वळे आणि कळ थेट गुडघ्यापर्यंत जाई. मागे वळून पाहिलं की पलीकडच्या तीरावरचे घाट, मशिदीचा घुमट आणि आपलं घर इतकं जवळ वाटे की हाक मारली तर शास्त्रीबुवांना ऐकू जाईल. दहा मिनिटांच्या वाटेला वीस मिनिटं लागली. शेवटी काळसर मातीची दरड आली. बाईंनी खुरपं चालवलं, टोपली भरली, डोक्यावर घेतली आणि वळल्या.

वाट नव्हतीच! येताना जिथे ओली रेघ होती, तिथून आता गढूळ पाणी वाहत होतं. दुलारे पलीकडून हात हलवत ओरडत होता. बाई धावल्या. घोटा दगा देऊन गेला! टोपली उडाली, बाई मातीत कोसळल्या. उठता येईना. ईशानीनं ओढून पाहिलं. पाणी गुडघ्याला लागलं!

"तू जा," बाई म्हणाल्या. त्यांना ते मनापासून वाटत होतं.

ईशानीनं पिशवीतून ब्रेस काढला. तिनं आईचा चिखलानं भरलेला पाय तसाच ब्रेसमध्ये कोंबला आणि पट्टे करकचून आवळले. बाई विव्हळल्या. मग घोटा जखडला गेला आणि कळ सोसण्याइतकी झाली. बाईंनी हात पुढे केले ते शेजारी पडलेल्या, थोडी माती उरलेल्या टोपलीसाठी. एका हातानं टोपली धरायची तर ईशानीचा हात सोडावा लागत होता. त्यांनी टोपली पाण्यात जाऊ दिली. कंबरभर पाण्यातून एकेक पाऊल टाकत दोघी नावेपाशी पोचल्या तेव्हा दुलारेनं त्यांना काखेत धरून आत ओढलं. मागे दरड दिसत नव्हती.

घरी दाराबाहेर ब्रेस उतरवताना बाईंना रडू फुटलं. मग टाचेच्या खोबणीत बोटं अडखळली. काळी, चिकट, लिंबाएवढी माती! त्यांनी ती खरवडून यजमानांच्या तळव्यावर ठेवली. खोटं बोलणं सोपं होतं.

"पायातल्या पट्ट्यातून काढलीय. बाकीची गेली."

शास्त्रीबुवांनी माती डोळ्यांजवळ नेली. मग त्यांचा अंगठा हळूहळू फिरू लागला आणि तळव्यावर एक वाकडी पिंडी उभी राहिली. त्यांचा श्वास पुरत नव्हता, दारापलीकडे नजर टाकून ते थांबत थांबत म्हणाले, "अगं, तो पट्टा आत आण. अजून असेल त्यात."

बाईंनी ब्रेस उचलला आणि उंबरठा ओलांडून तो त्यांच्या उशाशी आणून ठेवला.