तिसरी हाक

नव्याण्णव सालच्या उन्हाळ्यात राधाकृष्णनं पारनेरच्या एसटी स्टँडमागे, पिठाच्या गिरणीला लागून सायबर कॅफे थाटला. फोनची लाइन जोडताना मोडेमचं यंत्र असं काही किंचाळायचं, की गिरणीतल्या बायका दळण सोडून डोकवायच्या. फार साधे दिवस होते ते! रानात जाताना घराची किल्ली शेजारणीकडे ठेवायची, तसे अख्ख्या गावाचे पासवर्ड राधाकृष्णकडे. त्यानं सगळ्यांना एकच देऊन टाकला होता, गावाचं नाव. "इसरायची भानगडच न्हाई," असं वर ऐटीत सांगायचा, आणि कुणाला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं.

रविवारी दुपारी वृषाली "मैत्रिणीकडं जाते" अशी थाप मारून तिथं जायची. पुण्याला कारखान्यात लागलेला गावातलाच कानिफनाथ तिकडच्या कॅफेत येऊन बसायचा; त्याचं खातंही राधाकृष्णनंच उघडून दिलेलं. गावात असताना दोघं चार शब्द बोलले नव्हते. बोलले असते तर बोभाटा झाला असता. पडद्यावर गप्पा लिहिताना मात्र दोघांच्याही तोंडाला खळ नव्हती.

तिनं त्याला एक खूण सांगून ठेवली होती. भागिरथीआजी तिला लहानपणापासून बजावायची, "बाहीरून कुनी हाक मारली तर लगेच ओ द्यायची न्हाई. मानूस तीनदा हाक मारतं. ते मारतं एकदाच. त्याला ओ दिली, की ते संगं घेऊन जातं." वृषालीनं तेच कानिफला लिहिलं. इथं कुणीही तुझं नाव लावून बसेल, म्हणून माझं नाव तीनदा लिही, मगच मी ओ देईन. त्यानं तिला मनसोक्त चिडवलं. पण लिहायचा. एकदा. जरा थांबून दुसऱ्यांदा. तिसऱ्याची वाट बघताना तिचा जीव नुसता वरखाली व्हायचा.

आखाडात गावी येताना सुप्याजवळ त्याच्या मोटारसायकलला टेम्पोनं उडवलं. कानिफ जागीच गेला. वृषालीला धड रडताही आलं नाही. कोण लागत होता तो तिचा?

पुढे श्रावणात ती कॅफेत गेली, नुसतं त्या खुर्चीत बसावं म्हणून. बसते न बसते तोच पडद्यावर त्याच्या नावापुढचा दिवा लागला, तो येऊन बसला की लागायचा तसा.

"वृषाली"

दुसऱ्या हाकेसाठी ती थांबली. पुन्हा काही आलं नाही. मग मात्र तिचा संताप झाला.

"राधाकृष्णभाऊ, कानिफच्या नावानं कुणीतरी बसलंय! सगळ्यांचा पासवर्ड एकच. गेलेल्या माणसाची थट्टा करतात मेले!"

राधाकृष्णचा चेहरा उतरला. त्यानं तिच्यासमोरच कानिफच्या खात्याचा पासवर्ड बदलला. "माजा मलाबी आठवनार न्हाई असा टाकलाय, ताई. आता कुनाच्या बापाला उघडनार न्हाई."

पुढच्या रविवारी ती खात्री करायला गेली. गिरणी बंद होती. बाहेर भुरभुर पाऊस, आत पिठाचा वास... आणि त्यात कुठून तरी पेट्रोलचा.

दिवा लागला.

"वृषाली"

ही दुसरी. थट्टा करणाऱ्याला ही खूण कशी कळावी? तिनं तर ती एकालाच सांगितली होती. वृषाली चपला हातात घेऊन घरी पळाली.

आजी ओसरीवर शेंगा फोडत होती. कॅफे म्हणजे काय हेही तिला ठाऊक नव्हतं.

"आजी... दाराला कडी लाव."

"भरदिवसा? काय झालं गं?"

आधीच्या दोन हाकांचं वृषालीनं तिला सांगितलंच नाही. तिसरी हाक येऊ नये असं तिला वाटत होतं, आणि यावी असंही. ओ द्यायला जीव तडफडत होता, हे खरं.

मागच्या बोळातून कुणीतरी तिचं नाव घेतलं. हळूच... अगदी भिंतीला लागून. कानिफचा आवाज तिनं कधी नीट ऐकलाच नव्हता. तोच की दुसरं काही, कसं ओळखणार? तिनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला.

आजीनं हातातली शेंग खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता.

"ओ दे की, पोरी. कवाचं ताटकळलंय बिचारं... तिसरी हाक हाय ही."