चाळणीतलं फडकं

“हे इंजिनात फडकं विसरले, असं सगळे म्हणतात,” मिस्त्रीची बायको खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाली. “मालक कामावरून काढणार, वर मुद्दाम केलं म्हणून पोलिसांत देणार. आणि हे तोंडातून चकार शब्द काढत नाहीत!”

“मुद्दाम कशाला करतील?” मावशीने विचारलं.

“सुपरवायझरशी वाजलं होतं ना ह्यांचं. तिथला ऑपरेटर माझा धाकटा भाऊ. ह्यांनीच चिकटवलाय त्याला. तोही म्हणतो, ‘ताई, मला यात ओढू नकोस.’”

भाच्याचं मत तिथेच बनलं. गप्प बसतो तो गुन्हेगार. मावशी खासगी गुप्तहेर होती आणि भाचा तिचा मदतनीस. गाडी चालवणं आणि भलत्याच माणसावर संशय घेणं, ही दोन्ही कामं तो मन लावून करी.

बर्फाच्या कारखान्यात इंजिनघराच्या भिंतींनासुद्धा ओल होती. मधोमध खोलीएवढं डिझेल इंजिन गपगार पडलेलं. भाचा ऐटीत इंजिनाला जोडलेल्या हातपंपाच्या दांड्यावर रेलला आणि ओरडला. तळवा लालभडक झाला होता.

“रंग ओला आहे!”

गुळगुळीत दांड्यावर त्याची पाच बोटं उमटली होती. तेवढाच काय तो डाग.

“धन्य आहेस,” मावशी म्हणाली. पण दांड्याकडे तिने जरा जास्तच वेळ पाहिलं.

सुपरवायझर भडाभडा बोलला. “काल नेहमीची तपासणी होती. मिस्त्रीने तेल आणि फिल्टर बदलले, दुपारी घरी गेला. इंजिन आज सकाळी चालू करायचं होतं, पण बर्फ वितळायला लागला, म्हणून कालच संध्याकाळी चालू केलं. थोड्याच वेळात जाम! बेअरिंगं जळाली.”

“नव्या तेलावर लगेच चालू केलंत?”

“छे! आधी हातपंपाने तेल बेअरिंगपर्यंत चढवावं लागतं, नाहीतर ती कोरडी फिरतात. ऑपरेटरने माझ्या डोळ्यांदेखत पंप मारला.”

“फडकं कुणाला सापडलं?”

“मला. तापलेल्या इंजिनाचं झाकण लगेच उघडलं तर भडका उडतो. सगळ्यांना बाहेर काढलं, निवल्यावर मी एकट्याने उघडलं. तेलाच्या चाळणीवर हे गाठ मारलेलं फडकं बसलेलं, तेलाची वाट अडवून.”

मावशीने फडक्याची गाठ सोडली. वरून ते तेलाने बरबटलं होतं, आत घडी पांढरी आणि कोरडी.

“हात दुखेपर्यंत मारला पंप,” ऑपरेटर जमिनीकडे बघत म्हणाला.

मिस्त्री कोपऱ्यात बसला होता. “शेवटचं काम कोणतं केलंत?” मावशीने विचारलं.

“झाकण लावलं.”

“त्यानंतर?”

मिस्त्रीने बोटं मुठीत घेतली, पण नखांतला लाल रंग भाच्यालाही दिसला. “त्यानंतर काही नाही. माझंच चुकलं असेल, बाई.”

“झालं! कबूल!” भाचा कुजबुजला.

“तू गाडी काढू नकोस अजून,” मावशी म्हणाली. तिने मालकांना आणि मिस्त्रीच्या बायकोला बोलावून घेतलं.

“हे फडकं चालत्या इंजिनात तेलाच्या तळाशी असतं, तर गाठीच्या आतसुद्धा चिंब झालं असतं. आत ते कोरडं आहे, म्हणजे इंजिन बंद पडल्यावर कुणीतरी ते वरवर तेलात बुचकळलं. तेव्हा इथे एकटे होते सुपरवायझर.”

“मी कशाला असं करू?” सुपरवायझरच्या तोंडचं पाणी पळालं.

“खरं कारण झाकायला. या दांड्याला काल दुपारी रंग दिलाय. इथल्या ओलीत तो आज, माझ्या भाच्याच्या कृपेने कळलं, अजून वाळलेला नाही. हात दुखेपर्यंत पंप मारला म्हणतो हा ऑपरेटर, मग दांड्यावर एकही बोट कसं नव्हतं? पंप मारलाच नाही. बेअरिंगं कोरडी फिरली आणि जळली. घाई तुमची, सुपरवायझर, आणि साक्षही तुमचीच.”

मालक सुपरवायझरकडे वळले.

“मग हे का गप्प बसले?” बायकोने विचारलं.

“रंग ह्यांनीच दिलेला, घरी जाण्याआधी; नखांत अजून आहे. दांडा बघताक्षणी ह्यांना कळलं. पण पंप मारायचं काम ऑपरेटरचं. खरं बोलले असते तर आधी तोच अडकला असता.”

ती नवऱ्याकडे वळली. “माहीत होतं तुम्हाला?”

“मला कुठेही काम मिळेल गं,” मिस्त्री पुटपुटला. “त्याला कोण ठेवणार? तुझा भाऊ आहे तो.”

भाच्याला आपल्या मघाच्या कुजबुजीची मनापासून लाज वाटली.

“साहेब म्हणाले, वेळ नाही, कर चालू,” ऑपरेटर रडकुंडीला आला. “ताई, मी घाबरलो...”

“काल आमच्याकडेच जेवलास तू. ह्यांनी आग्रह करकरून वाढलं तुला.”

मिस्त्री काहीतरी बोलायला गेला. तिने हातानेच त्याला थांबवलं. “आता तुम्ही मध्ये पडू नका,” ती म्हणाली, आणि भावाला म्हणाली, “मालकांकडे बघ. पहिल्यापासून सांग.”

ऑपरेटरने डोळे पुसले. “भावोजींचं काही चुकलं नाही,” त्याने सुरुवात केली.