सिद्धाप्पाची अर्धी सूचना

बसा, पंखा चालू आहे. फक्त फळीवरच्या त्या काळ्या डब्याला हात लावू नका. हसताय काय राव, ऐका आधी.

सात रस्ता चौकातल्या ह्या दुकानात तीस वर्षं अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतोय. अण्णारावानं भंगार म्हटलं म्हणजे भंगारच, असं गिऱ्हाईक म्हणतं. खोटं कशाला बोलू, मला त्याचा माज होता. दोन महिन्यांपूर्वी मंद्रूपकडचा जोतीराम भर दुपारी हा डबा घेऊन आला. त्याची लेक उत्कर्षा इथंच दवाखान्यात, धापेनं बेजार. तिच्याकडं येता येता त्यानं देवळाचा हा अ‍ॅम्प्लिफायरही सोबत आणला होता. त्यांच्या गावात कुणी वारलं की देवळाच्या भोंग्यावरून सांगतात. ते काम सिद्धाप्पाचं. माईक हातात असतानाच वीज पडली. तोही गेला, अ‍ॅम्प्लिफायरही जळला.

"दुरुस्तीच्या लायकीचा हाय का, तेवढं सांगा. पंच इचारत्यात."

झाकण काढलं. करपलेला वास नाकातच बसला. आतला ट्रान्सफॉर्मर पार कोळसा झालेला.

"ह्यात काही राहिलं नाही," मी म्हणालो.

तरी आपली एक सवय. निकाल द्यायच्या आधी स्पीकर जोडायचा आणि मधे बल्ब घालून वीज सोडायची. वीज आत जात असली तर बल्ब पेटतो. तो पेटलाच नाही. स्पीकर मात्र खरखरला.

"ग्रामस्थांना कळविण्यात येते की..."

जोतीराम भिंतीला टेकला. "अण्णाराव... सिद्धाप्पाचा आवाज हाय ह्यो..."

मी प्लग उपटला. आवाज थांबेना.

"...जोतीराम यांची कन्या उत्कर्षा हिचे..."

"गप! गप की रं सिद्धाप्पा!"

त्यानं स्पीकरच्या दोन्ही वायरी हिसकून काढल्या. आवाज तिथंच तुटला. तेवढ्यात जोतीरामला दवाखान्यातून फोन आला. पोरीचा श्वास अडकला होता, आत्ताच मोकळा झाला म्हणे.

"दुरुस्त करू नका. मोडूबी नका," जोतीराम हात जोडून म्हणाला. "त्यो अर्धंच बोललाय."

डबा फळीवर ठेवला. स्पीकर मात्र मी त्याच संध्याकाळी भंगारवाल्याला दिला. पोरगी घरी गेली, कॉलेजला जायला लागली. मलाही झोप यायला लागली.

काल सकाळी कुलूप काढलं, तर स्पीकर डब्याशेजारी. एक वायर डब्याला जोडलेली, पेच घट्ट पिळलेला; दुसरी अजून मोकळी. घाबरून मी वायर कापायला पक्कड लावली, आणि जोतीरामचा फोन आला.

"अण्णाराव, पोरीला धाप लागली! तुमी काय करताय तितं?"

पक्कड खाली ठेवली, तेव्हा कुठं तिकडं पोरगी बोलायला लागली.

लई भीती वाटते हो. म्हणून तर तुम्हाला बसवून घेतलं. ती दुसरी वायर बघा. तुम्ही आलात तेव्हा डब्यापासून वीतभर लांब होती. आता बोटभर राहिलीये.