वाटीतले डोळे

भर दुपारी फिलिन्ना अंगणात ऑलिव्ह निवडत बसली होती. बाळ पाळण्यात झोपलेलं, नवरा मासेमारीला गेलेला. वारा पडला होता, समुद्रही गप्प होता. मान वर केली तर दारात एक बाई उभी. कधी आली कोण जाणे.

"दोन घास मिळतील का गं?"

त्या गावात पाहुण्याला आधी जेवू घालायचं, नाव मागून विचारायचं. नाहीतर पाहुण्यांचा पाठीराखा देव झ्यूस कोपायचा. फिलिन्नाने वाटीभर डाळ, सातूची भाकरी आणि चीज पुढे ठेवलं. बाई पोटभर जेवली. मग फिलिन्नाने नाव विचारलं.

"लामिया."

फिलिन्नाने पाळणा जवळ ओढला. हेरा देवीने जिची पोरं मारली, झोप हिरावून घेतली, आणि तेव्हापासून जी लोकांची पोरं खात हिंडते, तीच ही.

"घाबरू नकोस. घटकाभर पडते. हे काढल्याशिवाय डोळा लागत नाही मला..." असं म्हणत तिने आपले दोन्ही डोळे काढून रिकाम्या वाटीत ठेवले, आणि भिंतीशी अंगाचं मुटकुळं करून झोपली.

खांबाआडून सासू, निकासो, बघत होती. "बसलीस काय? टाक ते समुद्रात."

"आत्याबाई, आपल्या घरचं जेवलीय ती..."

"वाढताना अक्कल चरायला गेली होती तुझी. आता पोराचा तरी विचार कर."

फिलिन्नाने पोराचाच विचार केला. पाळण्यात पोर असताना दुसरं कुणी काय केलं असतं? खडकावर जाऊन तिने वाटी उपडी केली. बुडताना ते डोळे तिच्याकडेच बघत होते.

ती परतली तर लामिया उठून जमीन चाचपत होती. फिलिन्नाच्या हातातली वाटी तिच्या बोटांना लागली. रिकामी.

"का गं?" ती हळूच म्हणाली. "जेवल्या घरच्या पोराला मी कधीच हात लावत नाही. आता मला घरं कशी ओळखू येणार...?"

आणि भिंतीला धरून ती निघून गेली. फिलिन्नाला तिचे पाय धरायचे होते, पण ती जागची हलली नाही.

तेव्हापासून दुपारी गाव निजलं की भिंतींवरून तळवा फिरल्याचा आवाज येतो. एकेक घर चाचपत तो पुढे सरकतो. 'तू जेवलीस ते घर हेच गं,' असं सांगावंसं फिलिन्नाला फार वाटतं. पण पाहुणीला दगा देऊन त्या भाकरीची आठवण कोणत्या तोंडाने करून द्यायची? ती मनातल्या मनात रडते.

काल तो तळवा दाराशी येऊन थांबला. बाळ जागंच होतं. ते मुळीच घाबरलं नाही. ओळखीचं माणूस दिसल्यासारखं खुदकन हसलं, आणि उचलून घे म्हणून त्याने दोन्ही हात वर केले.